वल्लरी अजून हवेत आहे

वल्लरीने गेल्या मार्चमध्ये उडी मारली आणि ती अजून खाली आलेली नाही.

वल्लरी माझी मुलगी. बर्फावरच्या स्केटिंगची ही स्पर्धा उत्तरेकडच्या या शहरात दरवर्षी भरते. देशोदेशीच्या मुली येतात. तिची शेवटची उडी साडेतीन फेऱ्यांची होती. पाव फेरी झाली आणि ती हवेतच रेंगाळली, माझ्या डोक्याच्या हातभर वर. हात छातीशी घट्ट, वेणी आडवी. एक फेरी पुरी व्हायला तीन महिन्यांवर वेळ लागू लागला. संगीतातला व्हायोलिनचा एक सूर तसाच लांबत राहिला. फ्रिजच्या घरघरीची होते तशी त्याची सवय झाली.

नऊ परीक्षक पेनं उघडून बसूनच होते. त्यांच्यातल्या थोरल्या बाई मला म्हणाल्या, "हवेत किती वेळ राहायचं याचा नियम नाही. नीट उतरली तर पहिली येईल."

"आणि मी धरून खाली घेतली तर?"

"बाहेरच्या कुणाचा हात लागला की बाद."

त्या त्यांच्या भाषेत बोलत होत्या आणि मला सगळं कळत होतं. त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

पोशाख मी शिवलेला. मिरजेत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. वीस वर्षांत एक माप चुकलेलं नाही, आणि तोच ताठा मला नडला. शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड मी कायम सोडते. गिऱ्हाईक उद्या अंगाने भरलं तर शिवण उसवून वाढवता येते. वल्लरीच्या पोशाखात मी ते सोडलं नाही. टीव्हीवर एक चुणी दिसायला नको होती मला. पंधरा वर्षांची पोर, वाढणारच की. एवढं मला कळू नये, याचा मला फार राग आला.

मे महिन्यात काखेतला दोरा तुटला आणि पहिला मणी निसटला. पोशाखातलं काहीही बर्फावर पडलं तर एक गुण कापतात, मग तो मणी का असेना. मी कठडा ओलांडून बर्फावर धावले आणि तो पदरात झेलला. तेव्हापासून मी तिच्याखाली उभी आहे. पोशाखावर साडेचारशे मणी होते, आणि प्रत्येकाला मीच गाठ मारली होती.

सुरुवातीला मी तिच्याबरोबर गोल चालायचे, म्हणजे तिचं तोंड समोर राहायचं. मग बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवणारा ओस्कर एका सकाळी टोपी काढून आला. "बाई, बाकीचा बर्फ गोठवणारी वीज तोडतायत. तुमच्याखालचा राहील."

बर्फ कडेने विरघळला. त्याखाली सिमेंट असतं म्हणतात. तिथे पाणी निघालं, आणि तळ दिसेना. ओस्कर नावेतून माझं जेवण आणू लागला. दुसऱ्या नंबरवर असलेल्या मुलीच्या आईने त्याच्यासोबत विणलेले लोकरीचे मोजे पाठवले. वल्लरी नीट उतरली नाही तर तिची मुलगी पहिली येणार होती. मी मोजे डोळ्यांना लावले आणि मग घातले.

बर्फ आणखी आक्रसला तशी मला चालायला जागा उरली नाही. मग वल्लरीचं तोंड फेरीतून एकदाच दिसायचं.

सप्टेंबरात ते समोर आलं. "आई, जेवलीस?"

"जेवले. तुला भूक लागली?"

"नाही. काखेत काचतंय."

"माझीच चूक आहे गं."

"असू दे. मणी तेवढे पडू देऊ नकोस."

डिसेंबरअखेर ते पुन्हा आलं. जबडा तिच्या वडिलांसारखा झाला होता. तिने माझ्याकडे बघितलं, पण बोलली नाही. त्या दिवशी मी खूप रडले. पदरात रडले. बर्फावर काही सांडून चालणार नव्हतं.

आज बर्फ पोळपाटाएवढा आहे. मी पाय जुळवून उभी आहे. बाहेर यंदाच्या स्पर्धेच्या पताका लागल्यात आणि व्हायोलिनचा सूर सकाळी हलला. परीक्षक सावरून बसले. ओस्करने नाव लांबच थांबवली. जवळ आणली की लाट येते आणि बर्फाची कड तुटते. त्याने वल्हं माझ्याकडे लांब केलं.

"धरा बाई. ती उतरतेय. तिथे एकाच पायाची जागा आहे."

"अजून एक मणी आहे, ओस्कर."

तो डाव्या खांद्यावर दोऱ्याला लोंबत होता. वल्हं धरायचं तर पदर सोडावा लागला असता. ओस्करला ते समजलं असावं. त्याने वल्हं मागे घेतलं नाही.

वरून वारा आला. बुटाखालचं पातं माझ्या कानाशी होतं, मग खांद्याशी. तिचं तोंड माझ्याकडे वळलं.

"आई, सर."

"मणी?"

"सुटला."

मी पदर दोन्ही हातांनी पसरला आणि उजवा पाय बर्फावरून पाण्याकडे उचलला.