पडताळणीला तात्या वारले

खोटं बोलायला अक्कल लागते आणि ती माझ्याकडं नाही, हे बायको रोज सांगते. तरी महिपतीतात्यांनी त्या कामाला मलाच निवडलं, कारण आमची घरं भिंतीला भिंत लागून.

तात्या एकेकाळी मुंबईत पोलीस शिपाई होते. ब्याऐंशी साली तिथल्या पोलिसांनी संप केला, त्यात हेही होते. संप मोडला, तात्या बडतर्फ झाले आणि पत्र्याची पेटी घेऊन लासुर्ण्याला परत आले. ठरलेलं लग्न मोडलं. पुढं दोन वर्षं त्यांना कुणी पोरगी देईना. गावानं त्यांचं नावच 'संपवाला' करून टाकलं. चिडवणाऱ्यांत मीही होतो, त्याची आता लाज वाटते.

यंदा त्यांची नात निकिता पोलीस भरतीत निवडली गेली. रोज पहाटे उसाचे ट्रॅक्टर चुकवत कालव्याच्या रस्त्यानं पळायची पोर. गावभर पेढे वाटून झाले आणि तात्यांचा चेहरा पडला. ते माझ्याकडं आले.

"सावळाराम, पडताळणीला पोलीस येत्याल. शेजाऱ्याचा जबाब घेत्यात. माझं नाव निघालं तर पोरीची नोकरी जाईल. मी हाय असं सांगूच नगंस."

ठरल्या दिवशी राजलक्ष्मी मॅडम, पोलीस ठाण्यातल्या हवालदार, स्कूटीवरून आल्या. माझ्या ओट्यावर बसल्या, चहा घेतला आणि कागद काढला.

"निकिताच्या घरात कोण कोण?"

"आई, बाप आन् ती."

"आजोबा?"

इथं 'गावाला गेल्यात' म्हणालो असतो तरी निभावलं असतं. पण मी म्हणालो, "वारले."

"कधी?"

"पोळ्याला."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी फाइलमधून निकिताचा अर्ज काढून माझ्यापुढं धरला. त्याला पोरीनं स्वतःच्या अक्षरातला जास्तीचा कागद जोडला होता. आजोबा महिपती, पोलीस शिपाई, १९८२च्या संपात बडतर्फ, सध्या आमच्यासोबत राहतात.

"खोटा जबाब का दिलात? घरच्यांनी माहिती दडवली, असं लिहावं लागेल मला."

तीन वर्षांची त्या पोरीची मेहनत मी एका शब्दात पाण्यात घालत होतो.

तात्या माझ्याच माजघरात बसून सगळं ऐकत होते. ते बाहेर आले आणि हात जोडून उभे राहिले. "बाईसाहेब, ह्यो माझ्या सांगण्यावरनं बोलला. काय करायचं ते माझं करा, पोरीला अडवू नगा."

पोळ्याला वारलेला माणूस समोर उभा! मी कुठं बघावं ते कळेना.

"संप तुम्ही केलात, तिनं नाही," मॅडम म्हणाल्या. "तिच्यावर गुन्हा आहे का, एवढंच आम्ही बघतो. बसा आधी." मग त्यांनी विचारलं, "काय मागत होता तेव्हा?"

"आठवड्याला सुट्टी. ऱ्हायाला धड खोली. आन् आमचं गाऱ्हाणं ऐकंल असं कुणीतरी."

मॅडम हसल्या. "आज माझी साप्ताहिक सुट्टी आहे, तात्या. मिळते आता. हिचा कागद उद्या पोचायला हवा, म्हणून मी आपणहून आले."

आवाज ऐकून निकिता धावत आली. तात्या तिच्यावरच उखडले. "कुणी इचारलं हुतं तुला? कशाला लिवलंस?"

"कुणीच न्हाय इचारलं," ती म्हणाली. "पण मी वर्दी घालून घरी यायचं आन् तुमी माजघरात दडून बसायचं, हे मला जमनार न्हाय, तात्या."

मला रडूच आलं, सरळ सांगतो.

मॅडमनी माझा जबाब फाडला आणि नवा कागद घेतला. या खेपेला मी खरं ते सगळं सांगितलं, चिडवत होतो तेही. सही करणार, तेवढ्यात तात्यांनी कागद वाचायला मागितला. त्यांच्या नावापुढं मॅडमनी 'माजी पोलीस शिपाई' एवढंच लिहिलं होतं. त्या तीन शब्दांवरून त्यांनी बोट फिरवलं.

मग कागद परत देत म्हणाले, "बडतर्फ बी लिवा, बाईसाहेब. माझ्या नातीला चालतंय."