छपरावरची चार बोटं

मुलगा शिशिर दिवाळीला येणार, हे विश्वास देसाईंना नवरात्रात कळलं आणि त्या दिवसापासून चंडीगडच्या सेक्टर २२ मधल्या त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या घरात एका खेळण्याची बडदास्त सुरू झाली. खेळणं म्हणजे रिमोटवर पळणारी मोटार. शिशिर शाळेत असताना बापलेकांनी मिळून जुळवलेली. दोघांना एकमेकांशी बोलायला दुसरा विषय कधी सापडलाच नाही. बोलायच्या त्या शिशिरच्या आई, वसुधाताई, याचं त्याला आणि त्याचं याला पोचवायच्या. त्या गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला, इथंच वाढून हिंदीतच बोलणाऱ्या शिशिरने गुडगावहून फोन केला, "छुट्टी नहीं मिली, बाबा." गुडगाव काही सातासमुद्रापार नाही, सकाळी बसमध्ये बसलं की दुपारी चंडीगड. विश्वासराव "बरं" म्हणाले आणि विकत आणलेला फराळ शेजारच्या सरदारजींकडे देऊन आले. या खेपेला तो खरंच येणार होता, तेही एका रात्रीपुरता. या खेपेला काही चुकून चालणार नव्हतं.

मोटारीचं जुनं कवच कधीच फुटलं होतं. सिंगापूरला गेलेल्या एका सहकाऱ्याकडून त्यांनी नवं मागवलं, रंगही तिथलेच. कवच म्हणजे काचेसारखं आरपार दिसणारं पातळ प्लास्टिक. त्याला रंग आतून मारायचा असतो. मग गाडी कितीही घासली तरी ओरखडे बाहेर राहतात आणि रंग आत सुखरूप. पण त्याने आतून घट्ट धरायला हवं, आणि ते धरणं आतली बाजू किती स्वच्छ आहे त्यावर. विश्वासरावांना हे कुणी सांगायला नको होतं. मोहालीच्या सेक्टर ६७ मधल्या संस्थेत औषधी गोळ्यांवर लेप कसा चढवावा, हे शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. एखाद्याचा लेप सुटला की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "हात कहाँ थे तुम्हारे?" पोरं टरकून असायची.

तर त्यांनी कवच कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुतलं, साच्याचा तेलकटपणा जावा म्हणून पुन्हा एकदा धुतलं. कडेला धरून वाळवलं. खिडक्यांच्या जागी आतून चिकटपट्ट्या लावल्या. दुसऱ्या दिवशी ऊन आलं की लाल रंग मारायचा आणि त्याच्यामागे पांढऱ्याचं अस्तर.

दुसरा दिवस नरक चतुर्दशीचा. विश्वासराव अंधारातच उठले. सगळा सेक्टर गाढ झोपेत होता. इथली दिवाळी संध्याकाळची, पहाटेच्या अंघोळीचं कुणाला काय पडलंय. वसुधाताई दोघांनाही हाका मारमारून उठवायच्या, पाटावर बसवायच्या आणि तेल लावता लावता दोघांच्याही तक्रारी सांगायच्या. विश्वासरावांनी पाट मांडला, वाटीत तेल कोमट केलं आणि स्वतःच स्वतःला लावलं. पाठीला हात पोचेना. पोचला तिथवर लावलं आणि एकदम इतकं एकटं वाटलं की तेल मुरेपर्यंत त्या पाटावर बसवेना. ते उठले, टॉवेलला हात पुसले आणि काहीतरी करायचं म्हणून कवच उचललं. आत बोटं घालून छपराला धरलं आणि पट्ट्यांच्या कडा पुन्हा एकदा दाबून घेतल्या. जरा बरं वाटलं. मग अंघोळीला गेले.

ऊन आल्यावर गच्चीत रंग मारताना छपराशी लाल रंग जरा फाटल्यासारखा दिसला. पण पुढच्या हातात तो बुजला आणि विश्वासरावांनी तो विषय डोक्यातून काढून टाकला. शेवटी बाहेरची संरक्षक पातळ फिल्म सोलली तेव्हा गाडी अशी झळकली की त्यांनी ती मुद्दाम दारासमोरच्या टेबलावर ठेवली.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी शिशिर आला. वाकून पाया पडला, आईच्या फोटोकडे बघायचं टाळलं आणि गाडी पाहून हसला. "मस्त है, बाबा." दोघे खाली पार्कात गेले. सिमेंटच्या वाटेवर गाडी सुसाट सुटली आणि वळणावर कठड्याला धाडकन आपटून उलटली.

शिशिरने उचलून पाहिलं. छपराचा रंग चार जागी सुटून आत गळून पडला होता. चार लांबट आरपार डाग. त्याने आतून आपली बोटं टेकवली, ती बरोबर बसली.

"ये तो आपका हाथ है. तेल लगा था क्या?"

विश्वासरावांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "हो. काल पहाटेचं. पुसले होते मी हात."

"किसने लगाया?"

"कोण लावणार? मीच."

शिशिर कवच उलटसुलट करत राहिला. "दोबारा पेंट कर लेंगे," तो म्हणाला.

"नाही होत. जुना रंग काढायला गेलं की हे प्लास्टिक तडकतं."

संध्याकाळी पूजा झाली, जेवण झालं. शिशिरने सकाळच्या बससाठी बॅग भरून ठेवली. बाहेर फटाके वाजत होते. एवढी एक दिवाळी हाती आली होती, तीही आपण आपल्या हाताने घालवली, असं वाटून विश्वासराव भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पहाटे स्वयंपाकघरातल्या खुडबुडीने त्यांना जाग आली. पाडव्याची पहाट. या दिवशी बायकोने नवऱ्याला तेल लावायचं, आणि वसुधाताईंनी ते एकाही वर्षी चुकवलं नव्हतं. विश्वासराव बाहेर आले तर पाट मांडलेला, आणि शिशिर हातात वाटी घेऊन उभा. तेल जरुरीपेक्षा जास्तच तापवलं होतं.

"बैठिए. पीठ तक नहीं पहुँचा होगा."

विश्वासराव बसले. आईचा हलका हात पोराला कुठून येणार? त्याने गाडी धुतल्यासारखी पाठ चोळली. डोळ्यांतलं पाणी विश्वासरावांनी पुसलं नाही, कारण पाठीमागून ते दिसणार नव्हतं.

मग तेलावरच सदरा चढवून विश्वासराव शिशिरला बसवर सोडून आले. परत आल्यावर काढलेलं अंघोळीचं पाणी थंड होऊन गेलं तरी ते पाटावर बसून होते. दुपारी कधीतरी उठले आणि अंघोळ केली. पाठीला साबण मात्र लावला नाही.