तोंड लिंपलेली कणगी

मी धान्याची कणगी बोलून राह्यले. वडीगोद्रीपासून थोडं आत, कालव्याच्या अल्याड संपतचं घर आहे. त्या घराच्या पडवीत मी सात महिने तोंड लिंपून उभी होते, म्हणून आज जरा जास्तच बोलणार. माझ्या बोलण्यात राग दिसला तर दिसू द्या. तुम्ही सात महिने गप्प बसून बघा, मंग कळेल.

मला सोनूबाईनं विणलं. सत्तरीची बाई, पण बोटं अशी चालायची की बघत राहावं. ओढ्याकाठची निरगुडी तोडून तिनं ओल्या ओल्या फोका वाकवल्या, वाळल्या की त्या मोडतात. खाली रुंद, मधी फुगीर, वर निमुळतं तोंड अशी मी छातीइतकी उंच झाले. मंग आतून-बाहेरून शेणमातीचा जाड लेप. गावात आता सगळ्यांकडं पत्र्याच्या कोठ्या. मला बघून लोक हसले. "सोनूमावशी, म्युझियमला पाठवायली का?" म्हणून चिडवायचे.

मला घरी नेताना सोनूबाईनं संपतच्या बायकोला, बेबीनंदाला, जवळ बसवलं. म्हणाली, "पोरी, एक ध्यानात ठिव. दर महिन्याला झाकण काढायचं अन् कोपरापर्यंत हात घालायचा. दाणा थंड लागला तर बरं. कोमट लागला तर समज, आत कीड झाली. त्याच दिवशी सगळी ज्वारी अंगणात उन्हाला टाकायची. कणगीला तोंड हाय, पण जीभ न्हाई. ती हातालाच सांगती."

बेबीनंदानं मान डोलावली. संपतचं लक्ष मोबाईलमधल्या व्हिडिओत होतं.

आता संपतबद्दल सांगते. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर माझ्या बोलण्यावरून तुम्हाला भलतंच वाटायचं. तो जालन्यात सळयांच्या कारखान्यात होता, मस्तगडला भाड्याच्या खोलीत राहायचा. लॉकडाऊन लागला, कारखाना बंद झाला, आणि चौथ्या दिवशी पिठाचा डबा संपला. डबा उपडा करून, त्याच्या बुडावर थापा मारून त्यानं शेवटचं पीठ परातीत पाडलं होतं. पोरगी प्रीती तेव्हा लहान, ती शेजारी बसून बघत होती. ही गोष्ट त्यानं माझ्यासमोर कितीदा तरी सांगितली, आणि दर वेळी त्याचा हात हवेत थापा मारायचा. त्या थापा त्याच्या कानातून गेल्याच नाहीत.

म्हणून गेल्या वर्षी कामाच्या पाळ्या कमी व्हायला लागल्या तसा तो नोकरी सोडून गावी आला. घरची दोन एकर जमीन. परसात भेंडी, दोडका, शेवगा लावला. दहा कोंबड्या आणल्या, दोन शेळ्या आणल्या. तेलाला करडई, डाळीला तूर, भाकरीला ज्वारी. "बाजार बंद पडला तरी आपली चूल बंद पडायची न्हाई," हे त्याचं रोजचं वाक्य. पारावरची माणसं विचारायची, "जय भीम संपतभाऊ! जगबुडी कोणत्या तारखेला हाय? आमाला बी आधी सांगा."

"हसा," तो म्हणायचा. "तहान लागल्यावर विहीर खोदणारा मी न्हाई."

मला त्याचा अभिमान वाटायचा, खरंच. मनात म्हणायचे, लोक हसतात तर हसू दे, या घराच्या भाकरीची राखण आपल्याकडं आहे.

ज्वारीचं बी बेबीनंदानं माहेराहून आणलं होतं, कुंभार पिंपळगावाहून. तिच्या आईच्या घरची दगडी ज्वारी. दाणा टणक, भाकरी गोड, आणि आता तिच्या माहेरीही कुणी पेरत नाही. त्यामुळं होतं ते एवढंच बी. पीक आलं मात्र झकास. फाल्गुनात खळं झालं आणि नेमकं आभाळ भरून आलं.

"चार उन्हं तरी देऊ द्या," बेबीनंदा म्हणाली. "दाणा अजून दाताखाली मऊ लागून राह्यलाय."

"अन् पाऊस आला मंग? जल्दी भर!"

"मंग राख तरी मिसळू द्या."

"राखेची गरज न्हाई. बराबर हवाबंद केलं की कीड होतच न्हाई. व्हिडिओत दाखवलंय."

अहो, व्हिडिओतली ती प्लास्टिकची टाकी होती. मी निरगुडीची! माझ्या अंगातून वारा जातो, ओलही जाते. पण सांगू कुणाला? चार पोते दमट ज्वारी माझ्या पोटात ओतली. बेबीनंदानं तेवढ्यात एक काम केलं. चांगली निवडलेली कणसं तिनं आधीच वेगळी वाळवून ठेवली होती. त्यांचे दाणे राखेत घोळून तिनं फडक्यात बांधले आणि ते गाठोडं संपतची पाठ असताना माझ्या पोटात खोल खुपसलं. मंग संपतनं झाकण ठेवलं आणि शेणमातीनं माझं तोंड असं लिंपलं की मुंगीलाही वाट राहिली नाही.

"आता हे अडचणीच्या वेळीच उघडायचं," तो म्हणाला.

तिथून माझे भोग सुरू झाले.

वैशाखात मोटार जळाली, परसातली भाजी करपली. बेबीनंदा म्हणाली, "कणगी उघडू." संपत म्हणाला, "ही अडचण न्हाई. खरी अडचण पुढं हाय." पाऊसकाळ लागला, बेबीनंदाच्या पायाचं हाड मोडलं, दीड महिना ती खाटेवर. मजुरीला कुणी जाईना. प्रीती म्हणाली, "पप्पा, आता तर उघडा!" संपत म्हणाला, "ही पण न्हाई." भादव्यात ढगफुटीसारखा पाऊस पडला, सोयाबीन जागेवर सडलं. घरात रेशनचा तांदूळ चालू होता. संपत मात्र माझ्या लिंपलेल्या तोंडावर हात फिरवून म्हणाला, "बघू. अजून वाईट दिवस येतील."

अरे माणसा! अडचण काय तुला पत्रिका पाठवून येणार आहे का?

एक दिवस तर कहर झाला. प्रीतीनं भाकरी खायचा हट्ट धरला, तर संपत वडीगोद्रीच्या दुकानातून ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन आला! मी शेजारी उभी. पोटात चार पोते. माझ्यासमोर परात ठेवून बेबीनंदानं दुकानातलं पीठ मळलं. ती रडत होती की चुलीच्या धुरानं डोळे भरले होते, मला कळलं नाही. मला मात्र लाजेनं मेल्यासारखं झालं. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात ना, ती मी.

आणि तोवर माझ्या पोटात आग लागली होती. पावसाळी दमट हवेत सोंडे, म्हणजे धान्यातले सोंडकिडे, झाले. आधी दहा-वीस, मंग हजारो. दाणा कुरतडल्याचा कुरकुर आवाज दिवसभर चालायचा. ज्वारी तापायला लागली. मी आतल्या आत ओरडत होते, "हात घाल रे! एकदा हात घाल!" संपत रोज येऊन माझा लेप तेवढा बघायचा. लेपाला चीर पडली की लगेच बुजवायचा. त्याची सगळी माया बाहेरूनच.

शेवटी बेबीनंदाला दिसलं. कुबडी टेकत पडवी झाडताना माझ्या पायाशी पांढरं पीठ सांडलेलं. तिनं माझ्या पोटाला तळहात लावला. हात तसाच ठेवून तिनं हाक मारली, "प्रीतीचे पप्पा, इकडं या. हिला ताप हाय."

"उगं काय बी बोलू नको."

"सोनूमावशीनं काय सांगितल्तं? उघडा म्हणते मी!"

"आता उघडली अन् उद्या खरंच वेळ आली तर?"

"विहीर खोदली अन् तिचं पाणी प्यायचंच न्हाई, असं कुठं असतंय का हो?" ती ओरडली, आणि तिनं कुबडीचं टोक माझ्या तोंडावर हाणलं. लेप फुटला. इतका मार खाऊन इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

झाकण निघालं तशी गरम वाफ आली आणि काळे सोंडे काठावरून सांडले. अंगणात ताडपत्रीवर सगळं ओतलं. चार पोत्यांतलं माणसाच्या तोंडी लागेल असं काही उरलं नव्हतं. पोकळ दाणे आणि पीठ. कोंबड्यांची चंगळ झाली. संपत मधोमध उकिडवा बसला, पोकळ दाणे एका मुठीत घेतले, आणि त्याचा रिकामा हात जमिनीवर थापा मारायला लागला. मी त्याच्यावर इतकी चिडले होते, तरी ते बघवेना.

तेवढ्यात प्रीतीला राखेनं भरलेलं गाठोडं सापडलं. सोडलं तर आत दोन पायली दाणे, एकाला भोक नाही. संपतचा चेहरा उजळला. त्यानं ते छातीशी धरलं आणि काय म्हणाला माहीत आहे? "हे आता पक्कं जपून ठिवू. डब्यात, कुलपात. अडचणीला."

मला वाटलं, आता मीच कोसळून याच्या डोक्यावर पडावं.

बेबीनंदानं गाठोडं त्याच्या हातातून ओढून घेतलं. "हे मी जमिनीत ठिवणार," ती म्हणाली. "तिथं झाकण नसतंय."

आश्विनात तिनं पेरलं. पाय अजून ठणकत होता, तरी बांधावर बसून ओळी तिनंच सांगितल्या. आता पौष आहे. पडवीतून मला शेत दिसतं, कणसं भरायला लागलीत. मी रिकामी आहे. लेप सुटलाय, एक कोंबडी माझ्यात अंडी घालते. आणि संपत, तो रोज सकाळी येतो, कुणी बघत नाही असं पाहून माझ्यात कोपरापर्यंत हात घालतो. आत काही नसतं. तरी थोडा वेळ हात तसाच ठेवतो.

उशीर केलास रे बाबा. पण ही सवय मोडू नकोस. यंदा ज्वारी चांगली वाळव, राख मिसळ, मला भर, आणि पहिल्याच दिवशी माझ्यातली पायलीभर काढून बेबीनंदाच्या हातची भाकरी खा. माझं तोंड परत लिंपलंस, तर मी काही तुझी कणगी नाही.