पाळकाच्या घरचा टेलिफोन

या, असे शेगडीजवळ सरका, बाहेर धुकं उतरलंय. चहाचा पेला हातात धरा आणि ऐका. आमच्या नान्तग्लास गावच्या हर्मोन चॅपलने आपल्याच पाळकाला कसं घालवलं, ते सांगते. सांगताना आवाज चढला तर चढू द्या. इतकं होऊनही जिचा आवाज चढत नाही, तिने उपासनेला बसू नये, विणकाम करावं.

इडवाल मोरस आमच्याकडे आला तेव्हा तिशीचा होता. लग्न नाही, कोटाला एक बटण कमी. त्याच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत, तीही अशी की पलीकडे शिंक आली तर इकडून "देव भलं करो" म्हणावं. रोज सकाळी तो खुर्चीपाशी गुडघे टेकायचा, ते दहापर्यंत. अख्खं गाव घर घर करून देवापुढे मांडायचा. दगडखाणीत हात गेलेला, पोर गमावलेली, दारू सुटत नसलेला. माझे दुखरे गुडघेही त्यात असायचे, डावा वेगळा, उजवा वेगळा.

आणि रविवारी तो पुलपिटावर, प्रवचनाच्या उंच चौथऱ्यावर चढला, की सुरुवातीला आपला साधा बोलायचा, शेजाऱ्याशी बोलावं तसा. मग कुठेतरी बोलण्याला सूर लागायचा. वाक्यं उचलली जायची, वचन गाणं होऊन वरच्या गॅलरीपर्यंत जायचं. आमच्याकडे त्याला 'हुइल' म्हणतात, शिडात वारा भरतो तसं. प्रवचन गाऊ लागलं की खाणीतले दगडासारखे पुरुष "आमेन! गा, बाळा!" म्हणत रडायचे. मी जन्मभर प्रवचनांवर जगलेली बाई आहे, पण असा वारा मी पाहिला नव्हता.

आता आमचे थोरले डीकन, म्हणजे चॅपलचे कारभारी, कराडोग दुकानवाले. माणूस कंजूष नाही, वाईटही नाही, पण त्यांना कौतुकाची भूक फार. दुसऱ्या चॅपलांचे सण आले की इडवालला ते असं उसनं द्यायचे, जशी स्वतःची घोडीच.

"मार्गेडमावशी," एकदा दुकानात मला म्हणाले, "एवढा गुणी माणूस, पण दहापर्यंत दार बंद! लोकांनी त्याला गाठायचं कसं?"

"देवाने गाठलेलं असतं त्याला तेव्हा," मी म्हटलं. "तुम्ही रांगेत थांबा की."

थांबतात कसले! पाळकाच्या घरात टेलिफोन बसवला. गावातला तिसरा. काय तो मान, काय ते पेढे वाटल्यासारखं सांगणं! आणि दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडे सुरू झालं. "हे पित्या, आज मी तुझ्यापुढे..." ट्रिंग ट्रिंग. खुर्ची सरकली. "हो, कराडोगसाहेब." पुन्हा गुडघे. पुन्हा ट्रिंग ट्रिंग.

मी त्याला अंगणात धरलं. "उचलतोस कशाला रे?"

"मावशी, कुणी मरणाच्या दारात असलं तर?"

कुणी मरत नव्हतं, बरं! सणाच्या चहाला डुकराचं मांस ठेवायचं की बैलाची जीभ, हे पाळकाला विचारत होते! तेही प्रार्थनेत! मी हे तुम्हाला सांगतेय आणि माझे कान तापलेत.

हळूहळू भिंत गप्प झाली. फोन तेवढा बोलायचा. आणि चीड येते ती याची, की रविवारचं प्रवचन तरीही गात होतं. घशाला वाट पाठ होती ना. लोक "वाहवा" करत होते. मला मात्र कळत होतं, शीड हाताने हलवलं जातंय.

पेंटेकॉस्टच्या सणाच्या मोठ्या सभेला पार बांगोर शहरापासून लोक आले. गॅलरी भरली, जिन्यावरही माणसं. इडवालने वचन वाचलं, "प्रभूजी, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा." बोलू लागला, सूर चढू लागला, लोक पुढे झुकले, आणि ऐन चढावर तो थांबला.

"हे गाणं माझ्या घशातलं आहे," तो म्हणाला. "वरून आलेलं नाही. कित्येक दिवसांत मी स्वर्गातल्या बापाशी बोललो नाही, मग त्याचा निरोप कुठून आणू?"

आणि त्याने तिथेच गुडघे टेकले. पुलपिटाच्या कठड्यावर त्याची बोटं तेवढी दिसत होती.

चॅपलमध्ये असं मौन मी पाहिलं नव्हतं. पवित्र होतं ते! पण खालच्या, डीकनांच्या मोठ्या बाकावरून कराडोग कुजबुजले, "उठा हो, बांगोरची माणसं बघताहेत!" आणि ऑर्गनवाल्या मेन्नाला खूण केली. तिने सूर धरला. पाळक प्रार्थनेत आणि वर बाजा!

मी उभी राहिले. "मेन्ना, हात काढ! लग्नाची वरात आहे का ही?"

हात काढला तिने. पण मंडळी चुळबुळत उठून चहाला गेली.

त्याच आठवड्यात सभा बसली. पाहुण्यांदेखत हसं झालं, दुसरा पाळक बघावा, असं म्हणणं पडलं. मी कराडोगसमोर जाऊन उभी राहिले.

"भिंतीपलीकडचं सांगू नये, पण सांगते. सगळ्यात जास्त वेळ तो तुमच्या नावावर थांबायचा. 'गेराइंटला लिव्हरपूलहून घरी आण, आणि त्याच्या बापाच्या तोंडून पहिला शब्द गोड निघू दे.' रोज! आणि बहुतेक वेळा तुमचा फोन वाजायचा तो तिथेच. स्वतःच्या पोरासाठी चाललेली प्रार्थना तोडलीत, जिभेसाठी! बैलाच्या!"

कुणी हसलं नाही. कराडोग मांडीवरची टोपी फिरवत राहिले. मतासाठी हात वर करायला सांगितले, तेव्हा त्यांनी केला नाही. पण "थांबा" असंही म्हणाले नाहीत. बाकीचे हात पुरेसे होते. ज्यांची नावं तो रोज घ्यायचा, त्यांचेच हात!

जायच्या दिवशी सकाळी भिंत पुन्हा बोलू लागली. खुर्चीपाशी, बांधलेल्या ट्रंकांमध्ये, तो गाव घेत होता, घर घर करून, हात वर केलेल्यांनाही. माझे दोन्ही गुडघे आले. मग कराडोगचं नाव आलं, आणि फोन वाजला.

वाजत राहिला. इडवाल उठला नाही. आवाज थोडा चढला त्याचा, आणि देवाशपथ, त्यात सूर आला. भिंतीला कपाळ लावून मी "आमेन" म्हणत होते. फोन दमून थांबला.

कराडोग म्हणतात, किल्ली कुठे ठेवणार ते विचारायला केला होता. पाळकाच्या घराची किल्ली कुठे ठेवतात ते गावातल्या मांजरालाही ठाऊक आहे.

आता तो डोंगरापलीकडे एका लहानशा चॅपलात आहे म्हणतात. उद्या सकाळी गुडघे टेकाल तेव्हा इडवाल मोरसचं नाव घ्या. आमची नावं त्याने फार घेतली.