हात न लावता

चिकटपट्टीचं एक टोक सुटलं होतं. सर्व्हरच्या बटणावर आडवी लावलेली ती पांढरी पट्टी, तिच्यावर निळ्या पेनानं 'हात लावू नये' — त्यातला शेवटचा 'ये' वर उचलला गेला होता आणि एसीच्या झोतात जरा जरा हलत होता. बजरंगनं तो अंगठ्यानं दाबला. चिकटला. अंगठा काढला, तर पुन्हा हळूच उठला. अक्षर आपलंच... पण इतकं ठसठशीत आपण कधी लिहीत होतो?

"सर, मशीन चालू झालं," मागून वर्षाराणी म्हणाली. "पण मेल नाही सुरू झाला."

त्याला वाटलं, ती घाई करतेय. रीबूट झाल्यावर, म्हणजे बंद होऊन पुन्हा चालू झाल्यावर, मशीनला जरा श्वास घ्यायला वेळ लागतो, हे तिला महिन्याभरात कळायला हवं होतं. त्याच्या जागेवर तिला घेतलं होतं. आज त्याचा या संस्थेतला शेवटचा दिवस. उद्या सकाळी लातूरला एका कॉलेजात रुजू व्हायचं. नांदेडची ही शिक्षणसंस्था, तिची सात-आठ कॉलेजं, त्या सगळ्यांचा मेल या एका काळ्या डब्यातून जायचा-यायचा. बाहेरच्या कंपनीकडे द्यायला अध्यक्ष आप्पासाहेब कधीच तयार झाले नाहीत... संस्थेची डाक संस्थेच्या घरात. आणि घर म्हणजे ही खोली. पूर्वी रसायनशास्त्राची कोठी होती. खिडकी नाही, फरशीवर ॲसिडचे पिवळे डाग, कितीही पुसले तरी तसेच. बाहेर ऊन रस्त्याचं डांबर मऊ करत असलं तरी आत अंगावर काटा येईल असा गारठा.

टेबलावरचा फोन वाजला. मग वर्षाराणीचा मोबाईल. उमरीच्या कॉलेजातून विचारत होते, विद्यापीठाला आजच माहिती पाठवायची आहे, मेल का जात नाही?

आणि मग काय झालं ते बजरंगला नीटसं कळलंच नाही. म्हणजे तो खुर्ची ओढून बसला, बोटं कीबोर्डवर गेली, झोपेतून उठल्यावर उशीजवळ चष्मा चाचपावा तशी... एक ओळ, आणि पडद्यावर अक्षरं धावायला लागली. मेल सुरू झाला. फोन थांबले.

"काय केलं सर?"

"काही नाही. चालू केला."

दार उघडलं. आप्पासाहेब उंबऱ्यावरच थांबले. गारठ्यानं त्यांचे गुडघे धरायचे, म्हणून ते कधी आत येत नसत. उघड्या दारातून त्यांच्यामागची गरम हवा तेवढी आत आली.

"काय झालं रे बजरंग? उमरीवाले ओरडून राहिले."

"चालू झाला आप्पासाहेब."

"कोणी केला? ह्या बाईनं का तू?"

"...मी."

आप्पासाहेबांनी चौकटीला हात टेकला. मग अगदी मायेनं म्हणाले, "हे बघ, मला तुला अडवायचं न्हाई. लेकराबाळाचा माणूस हाईस, बायको तिकडं, तू हिकडं... जा. पण उद्या लाईट गेली, मशीन बंद-चालू झालं, तर मी काय लातूरला माणूस धाडू का? तू हात न लावता चालू होऊ दे. एकदा होऊ दे. तुला सोडायच्या कागदावर लगेच सही करतो."

दार लागलं. गरम हवेचा तो पट्टा हळूहळू विरला. बजरंगला एकदम जाणवलं, की या दाराला आतून कडी नाही आणि तरीही आपण इतकी वर्षं इथून बाहेर पडताना ते ढकलण्याआधी क्षणभर थांबतो. कशासाठी?

वर्षाराणीनं पुन्हा रीबूट केलं. तो बाजूला बसला. हात मांड्यांखाली घेतले, शाळेत गुरुजी बसवायचे तसे. पंखे घुमले, थांबले, पुन्हा घुमले. पडद्यावर एकामागून एक ओळी... नेटवर्क आलं, घड्याळ आलं, मग सगळ्यांच्या डाकपेट्या जिच्यावर होत्या ती मोठी डिस्क, तिला नेहमीच उशीर लागायचा, तीही आली. मेल नाही.

पुन्हा फोन. त्याची बोटं मांडीखाली वळवळली. एकच ओळ... नुसती एक ओळ लिहिली की हे सगळं थांबेल, वर्षाराणीच्या कपाळावरची आठी जाईल, उमरीवाले गप्प होतील. पण ती ओळ आपण लिहिली की सही नाही. आणि नाही लिहिली, तरी सही नाहीच. काय करून राहिलो मी? चौदा वर्षांत कुणी मला बांधलं नव्हतं, आणि आज जायचं ठरल्यावर हे मशीन...

"डिस्कवरची जागा भरली असेल," तो म्हणाला. तिनं पाहिलं. जागा भरपूर होती. "सुरक्षेच्या सर्टिफिकेटची मुदत संपली असेल." संपलेली नव्हती. "दुसरं काही त्याच्या आड येत असेल." काही आड येत नव्हतं. लॉग म्हणजे मशीन स्वतःबद्दल जे जे लिहून ठेवतं ते. ती तो वर-खाली करत राहिली. त्यात कुठंही चूक नव्हती. चूक असती तर त्याला बरं वाटलं असतं. चुकीला धरून वर चढता येतं. ही नुसती गुळगुळीत भिंत.

दुपार झाली असावी. खोलीत ते कळत नव्हतं. वर्षाराणीनं डबा उघडला, एक पोळी त्याच्यापुढं सरकवली. त्यानं तुकडा मोडला आणि हातातच ठेवला.

"सर, एक विचारू?" ती पडद्याकडेच बघत होती. "हा पडतोय, का उठतच नाहीये?"

"म्हणजे?"

"पडला असता तर लॉगमध्ये काहीतरी आलं असतं ना. इथं तर त्याचं नावच नाही. मला वाटतं, मशीन चालू झाल्यावर उठायचं हे याला कुणी सांगितलेलंच नाहीये."

तिनं एक ओळ लिहिली. उत्तर आलं. मेलची सेवा ठाकठीक, सगळं जागच्या जागी, फक्त आपोआप सुरू होणं — बंद.

बजरंगनं तो शब्द वाचला. मग पुन्हा वाचला. पोळीचा तुकडा बोटांत चुरगळला गेला होता, चुरा नखांत गेला होता.

मीच बंद केलं होतं.

ते अगदी सुरुवातीच्या वर्षांतलं. एका वादळानं लाईट गेली-आली, मशीन उठलं, आणि ती मोठी डिस्क यायच्या आतच मेल सुरू झाला, मोकळ्या जागेवर. सगळ्यांच्या पेट्या रिकाम्या दिसायला लागल्या. प्राचार्य लोक बोंबलत आले, आप्पासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि त्यानं तासाभरात सगळं परत आणलं. डिस्क आली की आपण हातानंच मेल सुरू करायचा, असं तात्पुरतं ठरवून त्यानं आपोआप उठणं बंद केलं. नीट दुरुस्ती उद्या. त्या दिवशी आप्पासाहेबांनी सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता... तू व्हतास म्हणून वाचलो रे. त्या हाताचं वजन. घरी जाताना खांदा जरा वाकडा करून चालत होता तो, हात अजून तिथंच असल्यासारखा.

आणि उद्या? दुसऱ्या दिवशी बायकोची, दीपालीची, नोकरीची ऑर्डर आली. लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेत. तो तिला सोडायला गेला होता — स्टो, गादी, दोन बादल्या. भाड्याच्या खोलीत तिनं खिळा ठोकायला सांगितलं तर तो म्हणाला होता, राहू दे, सहा महिन्यांपुरतंच तर आहे. मग मुरुडहून लातूर झालं, गोलू झाला, गोलू शाळेत जायला लागला. तो शनिवारी जायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं यायचा. लोहा, अहमदपूर, चाकूर... या गावांचे स्टँड त्याला झोपेतही ओळखू यायचे, नुसत्या वासावरून.

पण सगळे शनिवार नाही.

त्यानं मान खाली घातली. वर्षाराणी काहीतरी म्हणत होती, ते लांबून आल्यासारखं येत होतं. कधी कधी शनिवारी तो दीपालीला फोन करून सांगायचा, सर्व्हर बंद पडलाय, या वेळी जमत नाही. बहुतेक वेळा ते खरं असायचं. दोनदा... नाही, दोनापेक्षा जास्त वेळा... सर्व्हर चालू होता. तो इथं येऊन बसायचा. काही करायचा नाही. पंख्यांचा एकसारखा आवाज ऐकायचा. तिकडं गेलं की गोलू आधी लाजायचा, मग सवय व्हायची, तोवर रविवार संपायचा; दीपाली दार उघडून पाहुण्यासारखं पाणी द्यायची. इथं तसं काही नव्हतं. इथं त्याच्याशिवाय चालत नव्हतं. आणि न चालण्याची व्यवस्था — म्हणजे मी जाणूनबुजून थोडीच... पण मग नीट करायला किती वेळ लागला असता? चहा गार होईस्तोवरचं काम. चौदा वर्षांत तेवढा वेळ नव्हता?

"सर?"

"हं."

"डिस्क आल्यावरच उठ, असं याला सांगता येईल. म्हणजे आधी उठायची भीती नाही. करू?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं त्याला काही विचारलं नव्हतं, कुणी बंद केलं, का केलं... ओठ नुसते घट्ट मिटले होते. कळलं असेल तिला. कळलं नसेल. नको करू, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. इतकं सहज आलं, की तो दचकला.

"करा," तो म्हणाला. "काय लिहायचं ते मी सांगत नाही. तुम्हीच करा."

तिनं केलं. दोन ओळी. मग रीबूटसाठी बोट उचलून तिनं त्याच्याकडे बघितलं, आणि तो उठला, दाराशी थांबला नाही, थेट बाहेर आला. व्हरांड्यातल्या उन्हानं डोळे मिटले गेले. परीक्षा सुरू होती, सगळीकडे शांतता. खालच्या नळावर कुणीतरी बाटली भरत होतं. त्यानं कठड्याला हात लावला आणि चटका बसून काढून घेतला. आत आता पंखे थांबले असतील. आता घुमले असतील. आता डिस्क... ती उशीर लावेल. लावू दे. उठू नकोस, असं कुणीतरी त्याच्या आत म्हणत होतं, अगदी हळू, आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखं. आणि त्याच वेळी दुसरं कुणी दात आवळून उठ म्हणत होतं. यातलं आपलं कोणतं?

खिशात मोबाईल थरथरला. मेल आला होता. वर्षाराणीनं आतून पाठवलेला, नुसता 'झाला' एवढाच.

आप्पासाहेबांनी सही केली. चष्म्यावरून पाहिलं. त्यांना आणखी काही म्हणायचं होतं असं वाटलं, पण ते म्हणाले, "आलास नांदेडला की ये. च्या पिऊन जात जा." आणि दुसऱ्या फाइलकडे वळले. बजरंग उभाच होता. खांदा त्यानं नकळत पुढं केला होता. मग ते लक्षात येऊन सरळ झाला आणि बाहेर पडला.

गेटच्या बाहेर येईपर्यंत कुणी हाक मारली नाही. स्टँडकडे जाणारा ऑटो समोर थांबला, ऑटोवाल्यानं मान हलवून विचारलं, त्यानं नको म्हटलं. का म्हटलं? दुसरा थांबला. त्यालाही.

दीपालीचा फोन आला.

"झालं का ओ?"

"हाव. झालं."

"झालं म्हणजे? सोडलं?"

"सोडलं."

तिच्या मागं टीव्ही चालू होता, मग तो बंद केल्यासारखा आवाज आला.

"बरं, ऐका. गोलूनं कपाट रिकामं केलंय तुमच्यासाठी. सकाळपासून तेच चाललंय त्याचं. दोन कप्पे. बसतील का तुमचे कपडे?"

दोन कप्पे. त्याला ते दिसले. लाकडी, आत अंधार, तळाशी जुना कागद अंथरलेला, आणि त्यांच्यासमोर तो पोरगा हात पुसत उभा. आपले कपडे किती आहेत, त्याला आठवेना. नांदेडच्या राहत्या खोलीत ते खुर्चीवर, दोरीवर, बॅगेत असायचे; एकत्र असे कधी पाहिलेच नव्हते. तो मनात एकेक शर्ट आणून त्या कप्प्यात ठेवू लागला. ते कप्पे भरले की आपण तिथले. सोमवारी पहाटेची गाडी नाही. दार ढकलून जायला कुठली थंड खोली नाही. दीपाली आपल्याला रोज बघणार, सकाळी, संध्याकाळी, काहीच बिघडलेलं नसताना.

"अहो? ऐकू येतंय का?"

तिसरा ऑटो आला आणि त्यानं न विचारता वेग कमी केला. बजरंगच्या तळहातांना घाम फुटला होता; बाहेर इतकं ऊन असून तो गार होता.

"बसतील," तो म्हणाला. मग थोडं थांबून, स्वतःलाच अनोळखी वाटलेल्या आवाजात, "नाही बसले तर... दीपाली, नाही बसले तर काय करायचं?"

पलीकडे तिनं श्वास घेतलेला त्याला ऐकू आला. तो ऐकत उभा राहिला.