कुसुमताईंचं डोकं

एकसष्टाव्या वर्षी घोड्यावर बसायला शिकणारी बाई हट्टी असणार, हे काय वेगळं सांगायला हवं? गुडघे कुरकुरायला लागले म्हणून डॉक्टरांनी कुसुमताईंना रोज मैदानावर चालायला सांगितलं, तर या बाईंनी मैदानाजवळच्या घोडेस्वारीच्या शाळेत नाव घातलं. म्हणाल्या, "घोडी चालेल, मी वर बसेन. फेरी झाली म्हणजे झालं!"

नवरा मधुकरराव. बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आले नि इथेच रमले. बंगाली काही त्यांना धड आली नाही, पण बंगाल्यांची माकडटोपी मात्र अंगवळणी पडली. डिसेंबर उजाडला की स्वतः घालायचे आणि बायकोच्याही मागे लागायचे.

"अगं, थंडी डोक्यातून शिरते."

"माझ्या डोक्यात आजवर काही शिरलंय का? थंडी कुठून शिरणार!"

थट्टा खरी, पण डोक्याचा विषय त्यांच्यासाठी हळवा होता. लग्न होऊन साताऱ्याला आल्या त्या दिवशी सासूबाईंनी त्यांच्या डोक्यावर पदर ओढला, तो अकरा वर्षं खाली आला नाही. बदली झाली, हावड्याला गाडीतून उतरल्या, आणि त्यांनी पदर खांद्यावर सोडला. केसांना वारा लागला. बाईंनी तिथेच ठरवून टाकलं, यापुढे या डोक्यावर काय ठेवायचं ते मी ठरवणार.

आणि आता आला पाडवा. डमडमपासून बजबजपर्यंत विखुरलेली मराठी मंडळी वर्षातून एकदा जमणार, घोडेस्वारीच्या शाळेच्याच आवारात शोभायात्रा निघणार. मंडळाची चिटणीस शर्वरी म्हणाली, "काकू, सगळ्यात पुढे तुम्ही. नऊवारी, फेटा आणि घोडी!" कुसुमताईंना त्या रात्री झोप लागली असेल तर शपथ. वडिलांचा केशरी फेटा ट्रंकेच्या तळातून बाहेर निघाला. दहा दिवस आरशापुढे बांधून बांधून हात बसला.

रंगीत तालमीला फेटा बांधून ऐटीत गेल्या, तर घोडीजवळ रिसालदार जयप्रकाश हेल्मेट घेऊन उभे. फोर्ट विल्यमच्या लष्करातून निवृत्त होऊन इथे शिकवणारे, गाव फलटणजवळचं. सैन्यात तीस वर्षं काढली, पण बोली तशीच राहिली.

"वहिनी, हे घाला."

"फेट्यावर कसं बसेल?"

"मग फेटा काढा."

"रिसालदार, डोकं माझं आहे!"

"डोस्कं तुमचं, कबूल. पन घोडी माजी हाय."

कुसुमताई अशा काही तडकल्या की विचारू नका! रोज घालते ना हेल्मेट, एका दिवसानं काय आभाळ कोसळणार आहे? जुन्या काळचे स्वार काय हेल्मेट घालून लढले? रिसालदारांनी सगळं ऐकून घेतलं. मग घोडीच्या, म्हणजे मिष्टीच्या, मानेवरून हात फिरवत म्हणाले, "आमच्या रिसाल्यात एक घोडा व्हता. एक सायब हेल्मेट न घालताच बसला, पडला, आन् डोस्कं फुटलं. चूक सायबाची. पन लोकं घोड्यालाच खुनशी म्हनाया लागली. परत कुनी त्याच्या पाठीवर बसलं न्हाई. मुक्यानं कुनाकडं दाद मागायची, वहिनी?"

मिष्टी तेवढ्यात कुसुमताईंच्या कमरेला नाक लावून रोजचा बताशा शोधत होती. बाई तिला बताशा देऊन घरी निघून गेल्या.

घरी आल्या, हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला आणि त्यावरून वडिलांचा फेटा गुंडाळायला घेतला. चार वेढ्यांत कापड संपलं. अर्धं हेल्मेट काळंकुट्ट उघडं! कुसुमताई मटकन खाली बसल्या. मग उठल्या, कपाट उघडलं, आणि वरच्या फळीवरचं सासूबाईंचं जांभळं इरकली नऊवारी लुगडं काढलं. म्हातारी गेल्यापासून त्याची घडी मोडली नव्हती. जरा वेळ ते मांडीवर घेऊन बसल्या. डोळे भरून आले आणि स्वतःचाच रागही आला.

"अहो, हे टोक धरा. नि फिरा माझ्याभोवती."

"मी?"

"सप्तपदीत मी तुमच्यामागे चालले. आता तुमची पाळी!"

मधुकरराव दिवाणखान्यात फेरे घालत राहिले. केशरीवर जांभळं चढलं, आणि सासूबाईंचा पदर बरोबर कपाळावर आला.

पाडव्याला सकाळी रिसालदारांनी हनुवटीखाली बोट घालून पट्टा तपासला. "शेमला?"

"खोचलाय. फेट्याचं टोक मोकळं सोडलं तर घोडी बुजेल, माहीत आहे मला."

रिसालदार पहिल्यांदाच मनापासून हसले. लेझीम घुमलं, ढोल वाजला, मिष्टी डौलात निघाली. लोक टाळ्या वाजवत होते, कुसुमताई दोन्ही बाजूंना मान वळवून हसत होत्या. समोर झेंडूंनी मढवलेली बांबूची कमान होती. ती मधुकररावांनी स्वतः मोजून उभारली होती. गुढी खांद्यावर घेऊन खाली उभे राहिले होते, वर आणखी हातभर जागा सोडली होती. घोडी मात्र हिशेबात धरायची राहिली.

टण्णकन आवाज झाला.

ढोल थांबला. लगाम धरलेले रिसालदार पांढरेफटक पडले. अर्धी कमान मिष्टीच्या मानेवर आली होती आणि मिष्टी शांतपणे झेंडू खात होती.

"वहिनी! लागलं का?"

कुसुमताईंनी डोकं चाचपलं. "कमान कुणी मोजली?"

"मी," मधुकरराव गर्दीतून पुटपुटले. "उभा राहून."

सगळं आवार खदखदून हसलं. मधुकरराव धावत घोडीपाशी आले. "कुसुम, खरं सांग, लागलं नाही ना?"

"मला? माझ्या डोक्यात काही शिरतं का कधी!"

पण बोलताना त्यांनी नवऱ्याचा हात घट्ट दाबला. त्या दणक्यानं सासूबाईंचा पदर कपाळावरून मागे सरकला होता. ढोल पुन्हा सुरू झाला. कुसुमताईंनी तो पदर स्वतःच्या हातानं पुढे ओढला, नीट खोचला, आणि मिष्टीला टाच मारली.