आरशातलं बटण

"आठ, नऊ, दहा," आर्डिस मोठ्यानं म्हणाली आणि तिनं बोट उचललं. त्याच क्षणी मोटरवरचा बारीक दिवा विझला.

शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहून ती जरा वेळ त्या दिव्याकडे बघत राहिली. गॅरेजच्या छताला टांगलेली ती मोटर तिच्या नवऱ्यानं, मर्लनं, आजारी पडायच्या दोन वर्षं आधी बसवली होती. दाराचं सगळं खातं मर्लकडे होतं. आर्डिसचं काम फक्त दार उघडलं की बाहेर पडायचं. आता मर्ल नव्हता, त्याचा ट्रक विकला होता, आणि तिनं घेतलेल्या छोट्या गाडीच्या आरशाखाली तीन बटणं होती. त्यातल्या एकानं हे दार उघडायला हवं होतं.

ती खाली उतरली. मर्लचा जुना रिमोट दाबून पाहिला, दार हललं नाही. बाहेर जाऊन चौकटीवरच्या आकड्यांच्या पाटीवर लग्नाचं साल दाबलं, तरी दार ढिम्म. मग तिनं चष्मा लावून गाडीबरोबर आलेली पुस्तिका नीट वाचली. मोटरवरचं बटण क्षणभर दाबून सोडायचं होतं. सहा सेकंदांच्या वर दाबून धरलं तर मोटर आजवर ओळखत असलेल्या सगळ्यांनाच विसरते, असं तिथे ठळक अक्षरांत छापलं होतं.

"घ्या!" आर्डिस स्वतःलाच म्हणाली.

दोष सवयीचा होता. तेहतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. रेल्वेच्या फाटकाशी बस थांबवायची, दार उघडायचं, पोरांना गप्प करायचं आणि कान देऊन दहा मोजायचे. नियमात दहाचा आकडा कुठेच नव्हता, तो आर्डिसचा स्वतःचा होता. छप्पन्न पोरांचा जीव हातात असताना ज्या बाईनं कधी नऊवर बस हलवली नाही, ती इथे बरं लवकर बोट उचलणार होती!

आता भिंतीवरच्या तारेच्या बटणाखेरीज ते दार कुणाचंच ऐकत नव्हतं. पण भिंतीवरचं बटण आतून दाबायचं, आणि तिला हवं होतं बाहेरून, गाडीत बसल्या बसल्या. गेल्या फेब्रुवारीत पुढच्या पायऱ्यांवरच्या बर्फावरून ती घसरली होती. तेव्हापासून मुलानं, डॅरिननं, एकच धोशा लावला होता. शेवटी दोघांचं ठरलं होतं, की गाडीच्या सीटवरून थेट स्वयंपाकघरात, बर्फाला पाय न लावता, तिला जाता येत असेल तर हा हिवाळा ती याच घरात काढेल. नाहीतर डुलुथ शहरात, म्हाताऱ्यांच्या त्या इमारतीत. डॅरिन उद्या येणार होता. दुरुस्तीवाल्यांनी दहा दिवसांनंतरची तारीख दिली होती.

फोन वाजला. डॅरिनच.

"आई, झालं का ते बटण?"

"होत आलंय."

"होत आलंय म्हणजे?"

"म्हणजे भात शिजत आलाय म्हणतात ना, तसं. तू ये तर खरा."

"मी येऊन करून देईन गं. दोन मिनिटांचं काम आहे."

"तू करून दिलंस तर मला काय आलं? मग तू म्हणशील, बघ, तुला जमत नाही."

असं तो म्हणालाच असता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. जुन्या रिमोटची खूण आरशातल्या बटणानं आधीच उचलली होती. आता मोटरनं त्या बटणाला ओळखायचं तेवढं राहिलं होतं. त्यासाठी शिडीवर चढून मोटरवरचं बटण दाबायचं, आणि दिवा चालू आहे तोवर, म्हणजे तीस सेकंदांत, गाडीत येऊन आरशातलं बटण दाबायचं. आर्डिसनं दाबलं, सोडलं, दिवा लागला. ती उतरू लागली. डावा गुडघा प्रत्येक पायरीवर आपलं म्हणणं मांडत होता. ती गाडीत बसेपर्यंत दिवा विझला. दुसऱ्यांदा गाडीचं दार आधीच उघडं ठेवलं, तरी विझला. तिसऱ्यांदा घाईत पाय चुकला आणि तिनं शिडीला मिठी मारली. तशीच उभी असताना तिच्या लक्षात आलं की हे काम एका माणसाचं नाहीच. मर्ल शिडीवर असायचा, ती गाडीत असायची. तो "हं!" म्हणायचा आणि ती दाबायची. इतकी वर्षं ती हे एकट्या मर्लचं काम समजत आली होती.

एक माणूस हवा होता. गल्लीत दुपारी तीन वाजता एकच माणूस घरी असायचा, समोरचा वायनो लेहटिनेन. आणि त्या घराशी आर्डिसच्या, म्हणजे टॉलेफसनांच्या, घराचं एकतीस वर्षं बोलणं नव्हतं. मर्ल गेला तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक घरातून दुखवट्याचं जेवण म्हणून बटाट्याचं हॉटडिश, भट्टीत भाजलेलं, आलं. समोरून काहीच आलं नाही.

आर्डिसनं कोट चढवला. तिच्या अगदी जिवावर आलं होतं, पण रस्ता ओलांडायला तिला जेमतेम अर्धं मिनिट लागलं.

वायनो आपल्या गॅरेजात करवतीला धार लावत बसला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, काटक, लग्नाच्या भानगडीत कधी न पडलेला फिनिश माणूस. त्यानं मान वर केली.

"आता कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. मला एक माणूस हवाय. शिडीवर चढायला."

"म्हातारा चालेल?"

"तोंड न उघडता चढणारा असेल तर चालेल."

"त्याची मला सवय आहे," वायनो म्हणाला आणि करवत खाली ठेवली.

तिच्या गॅरेजात येऊन त्यानं आधी शिडी हलवून पाहिली, मग सरसर वर गेला. आर्डिसला त्याच्या गुडघ्यांचा हेवा वाटला. ती गाडीत बसली आणि काच खाली केली.

"ही नवी दिसतेय," वायनो वरून म्हणाला. "खिट्ट्यांची नाही."

"नाही. खिट्ट्यांची कधीच गेली."

त्या खिट्ट्यांवरूनच सगळं घडलं होतं. एकतीस वर्षांपूर्वी मर्ल आणि वायनो, तेव्हाचे जिवलग दोस्त, एकाच दुकानातून एकसारख्या दोन मोटरी घेऊन आले. शनिवारी मर्लच्या गॅरेजात एक बसवली, रविवारी वायनोच्या. आतल्या बारीक खिट्ट्या प्रत्येकानं आपापल्या रीतीनं मागेपुढे करायच्या असतात, म्हणजे एकाच्या रिमोटनं दुसऱ्याचं दार उघडत नाही. बिअर पिण्याच्या नादात दोघांनीही त्या कारखान्यातून आल्या तशाच ठेवल्या. सोमवारी पहाटे कुणीतरी बटण दाबलं आणि समोरासमोरची दोन्ही दारं उघडली. वायनोचा कुत्रा मुस्ती गॅरेजात झोपायचा. तासाभरानं लाकडं वाहणाऱ्या ट्रकखाली तो मेलेला सापडला.

संध्याकाळी वायनोनं विचारलं, तेव्हा मर्ल म्हणाला, "हो. माझ्याच हातून झालं." तेवढंच. वायनो मागे फिरला, तो फिरलाच.

"दाबू का?" वरून वायनोनं विचारलं.

"थांब." आर्डिसचे हात स्टिअरिंगवर होते. तिला वाटलं, बोलले नाही तर दोन मिनिटांत दार उघडेल, उद्या डॅरिन बघेल, हिवाळा निभावेल. आणि बोलले तर हा माणूस शिडीवरून उतरून निघून जाईल. तरी ती बोलली. "मुस्तीच्या दिवशी मर्लनं बटण नव्हतं दाबलं. मी दाबलं होतं."

वायनोचा हात मोटरवर तसाच राहिला.

"मी बसच्या डेपोत निघाले होते. उशीर झाला होता. बाहेर पडले, दार लावायला दाबलं, तर आरशात तुझंही दार खाली येताना दिसलं. अर्ध्यावर आलं आणि परत वर गेलं. खालून काहीतरी आडवं गेल्याशिवाय ते परत वर जात नाही, हे मला ठाऊक होतं, वायनो. पुन्हा दाबलं असतं तर तुझं लागलं असतं, पण माझं उघडलं असतं. मला सहा मिनिटं उशीर झाला होता. म्हटलं, शाळेतून तुला फोन करते." ती थांबली. "मी तशीच निघून गेले."

"मर्ल म्हणाला, त्यानं दाबलं."

"खोटं बोलला तो."

"मर्ल खोटं बोलायचा नाही."

"एकदा बोलला. मला म्हणाला, तुला रोज त्याच्या दारावरून बस न्यायची असते, मी काय, गिरणीत जाऊन बसतो. खापर आपल्या डोक्यावर घेतलं त्यानं आणि मी घेऊ दिलं. आधी वाटायचं, आठवडाभरानं सांगू. मग वाटायला लागलं, आता इतक्या वर्षांनी कशाला. लाज वाटते मला, वायनो. रोज वाटते."

वायनो शिडीच्या वरच्या पायरीवर हळूच बसला. त्याच्या बुटांचे तळवे तेवढे तिला समोरच्या काचेतून दिसत होते.

"मार्चमध्ये," तो म्हणाला, "मर्लला घेऊन तुमच्या गाड्या चर्चला निघाल्या तेव्हा मी खिडकीत होतो. कोट घातला होता. टायसुद्धा बांधला होता."

आर्डिसनं काचेतून त्याच्या बुटांकडे पाहिलं.

"मग सोडून ठेवला. म्हटलं, त्यानं माझ्या कुत्र्याची कधी माफी मागितली नाही, मी का जाऊ?" त्यानं नाक ओढलं. "त्यानं काही केलंच नव्हतं, तर तो माफी कशाची मागणार? एकतीस वर्षं मी नको त्या माणसावर घालवली."

"माझ्यावर चिड आता. तुझा हक्क आहे."

"एकेकावर एकतीस वर्षं लागतात," वायनो म्हणाला. "मला तेवढा वेळ कुठं उरलाय?"

तो उभा राहिला. आवाज पुन्हा पहिल्यासारखा कोरडा झाला. "तयार आहेस?"

"तयार."

"हं!"

दिवा लागला. आर्डिसनं आरशातलं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर मोटरमध्ये खट्कन वाजलं, दिवा लुकलुकला आणि तिच्या पाठीमागचं दार वर जाऊ लागलं. नोव्हेंबरचा पांढुरका उजेड गॅरेजभर पसरला. तिनं पुन्हा दाबलं, दार खाली आलं. पुन्हा दाबलं, वर गेलं. आता शिडीची गरज नव्हती आणि डॅरिनचीही. हिवाळा तिचा होता. आनंद व्हायला हवा होता, तो झालाही, पण रडू त्याच्या आधी आलं.

वायनो उतरला, त्यानं शिडी मिटून भिंतीला लावली. आता तो रस्ता ओलांडून घरी जाणार असं तिला वाटलं. तो गाडीला वळसा घालून आला, पलीकडचं दार उघडलं आणि तिच्या शेजारी बसला. पाय मावेनात म्हणून त्यानं सीट मागे सरकवली.

"कुठे ठेवलंय त्याला?"

"लुथरन चर्चच्या मागे. दुसऱ्या रांगेत."

"चल मग."

वाटेत तो फक्त एकदा बोलला. वळणावर तिनं गाडी हळू केली तेव्हा म्हणाला, "मर्ल इथं कधी ब्रेक लावायचा नाही. गाढव होता."

"होता," आर्डिस म्हणाली.

दफनभूमीच्या फाटकाशी तिनं गाडी थांबवली. तीही उतरू लागली, तर त्यानं हातानंच नको म्हटलं. टोपी काढून तो एकटा आत गेला. दुसऱ्या रांगेत चुकून दोन थडगी पुढे गेला, मग मागे आला. आर्डिसला इथून ऐकू येत नव्हतं, पण त्याचे ओठ हलत होते, मध्येच थांबत होते, परत हलत होते. एकतीस वर्षांचं बोलायचं म्हणजे वेळ लागणारच. हिमाचे पहिले बारीक कण काचेवर उतरू लागले. आर्डिसनं इंजिन बंद केलं, हात मांडीवर ठेवले आणि ती बसून राहिली. आज तिला कुठेच वेळेवर पोचायचं नव्हतं.